पांघरूण घातलेलं रक्त कोणासाठी?

केल, किड-ए, डफी-ए आणि लहान सी. या चार अँटिजेनांविरुद्ध, म्हणजे लाल पेशीच्या पृष्ठभागावरच्या ओळखखुणांविरुद्ध, एखाद्या रुग्णाच्या अंगात अँटिबॉडी, म्हणजे परकं ओळखून त्यावर चालून जाणारी प्रथिनं, तयार झाल्या आहेत असं धरू. युरोपीय वंशाच्या दात्यांत केल नसलेले शंभरात साधारण 91 सापडतात, किड-ए नसलेले 23, डफी-ए नसलेले 34 आणि लहान सी नसलेले 20. चारही नसलेला दाता हवा असेल तर या टक्केवाऱ्यांचा गुणाकार करायचा. उत्तर दीड टक्क्याच्याही खाली येतं. रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाने सत्तर पिशव्या तपासाव्यात तेव्हा कुठे एक हाती लागावी, असा हा हिशेब. आणि त्यात ए, बी, ओ अजून धरलेलेच नाहीत.

हा रुग्ण मी हिशेबासाठी घेतला आहे, पण असे रुग्ण खरोखर असतात आणि ते ठरावीक आजारांतच जास्त दिसतात. सिकलसेल, थॅलेसेमिया, अस्थिमज्जेचे काही विकार. आयुष्यात एकदाच अपघातानंतर दोन पिशव्या लागल्या, अशा माणसाला केल किंवा डफी ही नावंही कधी ऐकावी लागत नाहीत. ज्याला महिन्या-दोन महिन्यांनी रक्त घ्यावं लागतं त्याचं शरीर मात्र पिशवीगणिक काहीतरी नवं ओळखायला शिकत जातं, आणि एकदा शिकलेलं सहसा विसरत नाही. गरज तेवढीच राहते, चालणारं रक्त आटत जातं.

अशा रुग्णासाठी एक कल्पना पंचवीसहून अधिक वर्षं प्रयोगशाळांत फिरते आहे. जुळणारं रक्त सापडत नसेल तर असलेल्या रक्ताची ओळखच झाकून टाका. लाल पेशीच्या पृष्ठभागावर पॉलिमरचं पांघरूण घाला, म्हणजे घेणाऱ्याच्या अँटिबॉडींना ती परकी वाटणारच नाही. कल्पना मला मनापासून आवडते. पण ती समाजापुढे ज्या रूपात मांडली जाते, म्हणजे ‘कुणाचंही रक्त कुणालाही’, त्या रूपाला माझा विरोध आहे. हे पांघरूण जिथे तोकडं पडतं नेमकं तिथलंच स्वप्न विकलं जातं, आणि जिथे ते खरंच उपयोगी पडेल तिथे पैसा लावायला कुणी पुढे येत नाही.

आधी ते काम कसं करतं ते पाहू. पेग, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, हा लांब धाग्यासारखा रेणू आहे. त्याला पाणी फार प्रिय. धाग्याचं एक टोक निष्क्रिय करायचं आणि दुसऱ्या टोकाला असा रासायनिक गट बसवायचा की तो पेशीवरच्या प्रथिनांतल्या लायसीन या अमिनो आम्लाला कायमचा चिकटेल. मग पेशीच्या पृष्ठभागावर असे असंख्य धागे उभे राहतात आणि भोवतालच्या पाण्यात सतत डोलत राहतात. हे कवच नव्हे. ऑक्सिजन आणि ग्लुकोजसारखे चिमुकले रेणू त्यातून सहज ये-जा करतात. अँटिबॉडी मात्र त्यांच्या मानाने अजस्र असते. डोलणाऱ्या धाग्यांमधून तिला खालच्या अँटिजेनपर्यंत पोचता येत नाही. उंच गवतात दगड पडलेला असावा आणि वरून चालणाऱ्याच्या पायाला तो लागूच नये, तसं. धागा जितका लांब तितकं गवत उंच.

1997 मध्ये अमेरिकेत मार्क स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला तेव्हा त्यातल्या एका निष्कर्षाने बऱ्याच जणांच्या भुवया उंचावल्या. पेग लावलेल्या मेंढीच्या लाल पेशी उंदराच्या रक्तात घातल्या, तर त्या बिनपांघरुणाच्या पेशींपेक्षा 360 पटींपर्यंत अधिक टिकल्या. मेंढीचं रक्त उंदरात! अर्थात 360 पट हा आकडा ऐकायला जेवढा मोठा वाटतो तेवढा नाही, कारण साध्या मेंढीच्या पेशी उंदरात टिकतच नाहीत. शून्याच्या जवळपासच्या कुठल्याही गोष्टीची पट मोठीच निघते. महत्त्वाची गोष्ट अशी की उंदराच्या स्वतःच्या पेशींना पेग लावून त्या परत उंदरातच घातल्या तेव्हा त्यांचं आयुष्य घटलं नाही. पांघरुणाने पेशीचा जीव गुदमरत नव्हता. पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांसारख्या चवडी करतात तेही पेगमुळे कमी होतं, त्यामुळे संथ प्रवाहात रक्त अधिक पातळपणे वाहतं. हा जास्तीचा फायदा कुणी मागितलेलाही नव्हता.

मग अडतं कुठे?

अडतं ते सगळ्यांना ठाऊक असलेल्या गटांशी. कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये ज्यांचं वर्णन केलं, आणि ज्यासाठी त्यांना 1930 चं नोबेल मिळालं, ते ए आणि बी. आज रक्तगटांच्या चाळीसहून अधिक प्रणाली आणि तीनशेहून जास्त अँटिजेन नोंदलेले आहेत, पण ए-बी-ओचा स्वभाव इतरांपेक्षा वेगळा आहे. एक तर त्यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी कुणाचंही रक्त न घेता, लहानपणीच आपोआप तयार होतात. दुसरं म्हणजे त्या बहुतांशी आयजीएम प्रकारच्या असतात. पाच हातांचा हा रेणू पेशीवर नीट बसला की एकट्याच्या बळावर कॉम्प्लिमेंट प्रथिनांची साखळी सुरू करू शकतो आणि रक्तवाहिनीतच पेशी फुटते. तिसरी गोष्ट संख्येची. ए-वन या ए गटाच्या नेहमीच्या प्रकारात एका लाल पेशीवर ए अँटिजेनच्या आठ ते दहा लाख प्रती असतात. आरएच-डी, म्हणजे रक्तगटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारा अँटिजेन, त्याच्या असतात दहा ते तीस हजार.

आता पांघरूण फार उत्तम विणलं आणि शंभरातल्या 95 प्रती झाकल्या असं समजा. आठ लाखांतले 40 हजार ए तरीही उघडेच राहिले. आरएच-डीच्या एकूण संख्येहून ते जास्त आहेत. शिवाय ए आणि बी या साखरा आहेत. त्यांतल्या काही प्रथिनांवर असतात, तर काही पेशीच्या चरबीच्या पडद्यातूनच वर आलेल्या. या दुसऱ्या प्रकाराला पेग थेट चिकटू शकत नाही, कारण तिथे लायसीन नसतंच. शेजारच्या प्रथिनावरचे धागे त्यांच्या अंगावर वाकून जेवढं झाकतील तेवढंच. मग गवत अधिक दाट लावावं म्हटलं तर पेशीचा आकार बिघडू लागतो, ती नाजूक होते. प्रयोगांत दिसलेलंही हेच आहे: आरएच-डी जवळजवळ पूर्ण लपतो, ए आणि बी कमी होतात पण संपत नाहीत. आणि ए-बी-ओच्या बाबतीत ‘जवळजवळ’ या शब्दाला अर्थ नसतो.

‘सगळ्यांसाठी एकच रक्त’ हे वाक्य जो कुणी पॉलिमरच्या संदर्भात उच्चारतो, त्याने हा हिशेब एकदा तरी कागदावर मांडून पाहावा अशी माझी विनंती आहे.

ए-बी-ओचा प्रश्न सोडवायचा असेल तर त्याला दुसरी वाट आहे आणि ती अधिक सरळ आहे. साखर झाकत बसण्यापेक्षा ती कापून टाका. 1982 मध्ये जॅक गोल्डस्टाइन आणि सहकाऱ्यांनी कॉफीच्या हिरव्या बियांतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, वापरून बी गटाच्या पेशींचं ओ गटात रूपांतर केलं आणि त्या माणसांना दिल्या. 2019 मध्ये कॅनडातल्या स्टीफन विदर्स यांच्या गटाला माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंत ए कापणारी विकरांची जोडी मिळाली. 2024 मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनच्या संशोधकांनी आतड्यातल्याच दुसऱ्या एका जिवाणूची विकरं वापरली. त्यांना एक मोलाची गोष्ट दिसली: नेहमीचे ए आणि बी काढले तरी त्यांची लांबवलेली रूपं मागे उरतात, आणि तीही काढावी लागतात. इतकी वर्षं विकरांनी बदललेलं रक्त क्रॉस-मॅचमध्ये, म्हणजे पिशवी देण्याआधीच्या जुळणीच्या चाचणीत, मधूनच का अडकायचं, त्याचं थोडंफार उत्तर त्यात सापडतं.

विकरांची कात्री आरएच-डीला मात्र लागू पडत नाही. तो प्रथिन आहे, पडद्यात बारा वेळा आत-बाहेर शिवलेला. त्याला कापायचं म्हणजे पेशीच फाडायची. म्हणून मला दोन्ही तंत्रांची भांडणं लावण्यात रस नाही. साखरेला कात्री, प्रथिनाला पांघरूण, अशी वाटणी निसर्गानेच करून ठेवली आहे. फक्त कात्रीलाही एक जागा अशी भेटते जिथे ती उलटी चालते. 1952 मध्ये मुंबईतल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ज्याचं वर्णन केलं तो बॉम्बे रक्तगट. या माणसांच्या पेशींवर ए आणि बी तर नसतातच, पण ज्या पायावर ते उभे राहतात तो एच अँटिजेनही नसतो. त्यामुळे ज्याला आपण सर्वदाता म्हणतो तो ओ गट त्यांच्यासाठी विष ठरतो, कारण ओ पेशी म्हणजे उघड्या एचचं रान. ए कापून ओ केलं की या रुग्णाचं दुखणं वाढलंच. ‘सर्व’ हा शब्द रक्ताच्या बाबतीत किती फसवा आहे ते बॉम्बे गटाने सत्तर वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं आहे.

तर पांघरुणाची खरी जागा कोणती? मला दोन दिसतात, आणि दोन्हींचा तर्क वेगवेगळा आहे.

पहिली जागा आरएच-निगेटिव्ह स्त्रीची. रक्तस्राव चालू आहे, आरएच-निगेटिव्ह पिशवी नाही, पॉझिटिव्ह आहे. डॉक्टर पॉझिटिव्ह देऊन जीव वाचवतात, आणि ते योग्यच करतात. पण त्या रक्तामुळे तिच्या अंगात डीविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या तर पुढच्या गरोदरपणात त्या वारेतून बाळापर्यंत जातात आणि त्याच्या लाल पेशी फोडतात. प्रसूतीच्या वेळच्या अशा संपर्कावर 1968 पासून अँटी-डीचं इंजेक्शन उपलब्ध आहे, पण ते बाळाकडून आलेल्या थोड्या रक्ताच्या बेताचं असतं. अख्ख्या पिशव्या चढवल्यावर त्याची मात्रा आणि गुंतागुंत दोन्ही वाढतात. पूर्व आशियात आरएच-निगेटिव्ह माणसं शंभरात एकही नसतात, म्हणून तिथे हा प्रश्न रोजचा आहे. 2020 मध्ये चीनच्या झेजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी पॉलिसियालिक आम्ल आणि टायरामीन यांची जाळी पेशीवर बसवून आरएच-डी लपवून दाखवला, त्यामागे हीच निकड आहे.

इथे पांघरूण मला पटतं, कारण डी त्याला नीट झाकता येतो आणि ते एकदाच लागतं. आणखी एक कारण आहे. समजा तिच्या शरीराने डीऐवजी पांघरुणाविरुद्धच, म्हणजे पेगविरुद्ध, अँटिबॉडी तयार केल्या. वाईटच. पण तिच्या बाळाच्या पेशींवर पेग नसतो, डी असू शकतो. त्या दोन धोक्यांतून एक निवडायचा असेल तर आईने कुठला निवडावा याबद्दल मला शंका नाही.

दुसरी जागा सुरुवातीच्या गुणाकारातल्या रुग्णाची. आणि इथे मात्र प्रश्न अवघड होतो.

पेग हा शरीराला दिसत नाही, त्याच्याविरुद्ध काही तयार होत नाही, असं फार काळ मानलं जात होतं. 1977 मध्ये फ्रँक डेव्हिस आणि अब्राहम अबुचोव्स्की यांनी प्रथिनांना पेग जोडून दाखवलं, 1990 मध्ये असं पहिलं औषध अमेरिकेत मान्य झालं, आणि त्यानंतर रांगच लागली. त्याच काळात पेग सौंदर्यप्रसाधनांत, जुलाबाच्या औषधांत, मलमांत, दातांच्या पेस्टमध्ये जाऊन बसला. माणसाचं शरीर इतक्या ठिकाणी भेटणाऱ्या गोष्टीकडे कायमचा काणाडोळा करेल, हा भाबडेपणा होता. रक्तगटांचे अभ्यासक जॉर्ज गॅराटी यांनी पांघरूण घातलेल्या पेशींचं कौतुक करता करता हाच मुद्दा लावून धरला होता: कधीही पेगची औषधं न घेतलेल्या निरोगी दात्यांपैकी साधारण चौघांत एकाच्या रक्तात पेगविरुद्ध अँटिबॉडी सापडतात. 2016 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात, अधिक संवेदनशील चाचणी वापरून, हा आकडा 72 टक्क्यांपर्यंत गेला. चाचण्या वेगळ्या म्हणून आकडे वेगळे. आणि फार थोड्या प्रमाणातली अँटिबॉडी काही करतेच असंही नाही, हे पेगच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण काहींच्या बाबतीत ती नक्कीच काहीतरी करते. गाउट या सांधेदुखीच्या आजारावरच्या पेगयुक्त औषधाचा परिणाम अनेक रुग्णांत ओसरतो तो याच अँटिबॉडींमुळे. रक्ताच्या कर्करोगात मुलांना दिलं जाणारं पेग-अॅस्पराजिनेज त्यांच्यामुळे शरीरातून लवकर नाहीसं होऊ शकतं. 2014 मध्ये हृदयविकारावरच्या एका पेगयुक्त औषधाची मोठी चाचणी तीव्र अॅलर्जीच्या घटनांमुळे थांबवावी लागली, आणि नंतरच्या तपासात त्या रुग्णांत आधीपासूनच पेगविरुद्धच्या अँटिबॉडी असल्याचं आढळलं.

एका पिशवीत लाल पेशी असतात दोन लाख कोटींच्या घरात. प्रत्येकीवर पेगचे असंख्य धागे. लसीच्या एका थेंबातल्या पेगची आणि या भाराची तुलनाच होऊ शकत नाही.

म्हणजे पेच असा: पांघरुणाची सगळ्यांत जास्त गरज ज्याला आहे तो पुन्हा पुन्हा रक्त घेणारा रुग्ण, आणि पुन्हा पुन्हा घेतल्यानेच पांघरूण ओळखलं जाण्याचा धोका वाढतो. केल, किड, डफी, लहान सी यांच्या यादीत उद्या पेगची भर पडली तर त्याच्यासाठी ती पिशवीही बंद झाली. वर पेग असलेल्या इतर औषधांचे दरवाजेही अर्धे मिटले. ज्याच्याकडे पर्याय आधीच मूठभर आहेत त्याचाच एक पर्याय खर्ची घालून आपण हे करतो आहोत, याची जाणीव ठेवली पाहिजे.

पेगच्या पाठीराख्यांचं यावर एक चांगलं उत्तर आहे. ते म्हणतात, अँटिबॉडी झाल्यावर पांघरूण देऊ नका, पहिल्या पिशवीपासूनच द्या. अँटिजेन दिसलेच नाहीत तर शरीर शिकणारच नाही. तर्क म्हणून हे आकर्षक आहे, आणि प्राण्यांतल्या प्रयोगांत त्याला काही आधारही आहे. मला ते तरीही पटत नाही. सिकलसेलच्या लहान मुलाला दोन वर्षांच्या वयापासून पुढची पन्नास वर्षं पेग देत राहायचं, एका न झालेल्या अँटिबॉडीच्या भीतीने, आणि तेही तिच्यावर याहून साधा उपाय हाताशी असताना? साधा उपाय म्हणजे दात्यांचं रक्त केवळ ए-बी-ओ आणि डीपुरतं न तपासता आरएचचे बाकीचे अँटिजेन आणि केलपर्यंत, शक्य असेल तिथे डफी-किडपर्यंत, तपासून पहिल्यापासून जुळवून देणं. दात्याचा डीएनए एकदा तपासला की त्याचे डझनावारी अँटिजेन एका झटक्यात कळतात, आणि ती माहिती तो पुढे जितक्या वेळा रक्त देईल तितक्या वेळा कामी येते.

म्हणून माझी रेषा इथे आहे. नियमित रक्त घेणाऱ्याला पांघरूण हे शेवटचं साधन म्हणून द्यावं, रोजची सवय म्हणून नव्हे. जुळणारी पिशवी कुठेच नाही, गोठवलेल्या दुर्मीळ रक्ताच्या साठ्यातही नाही, 1965 पासून चालत आलेल्या आणि आता ब्रिस्टॉलमधून सांभाळल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय दुर्मीळ दाता यादीतूनही वेळेत काही येणार नाही, आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन उतरतंच आहे. त्या दिवशी पांघरूण घातलेली पिशवी शीतपेटीत असलीच पाहिजे. उद्या पेगविरुद्ध अँटिबॉडी होतील म्हणून आज जीव जाऊ देणं शहाणपणाचं नाही.

या रेषेवर एक रास्त आक्षेप येतो, तो अन्यायाचा. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये सिकलसेलचे बहुतेक रुग्ण आफ्रिकी वंशाचे, आणि बहुतेक दाते युरोपीय वंशाचे. अँटिजेन न जुळण्याचं मूळ अनेकदा या एका विषमतेत असतं. आक्षेप घेणारा म्हणेल, दात्यांचं प्रमाण कधी सुधारेल ते सुधारेल, तोवर या मुलांनी का भोगायचं? मला या प्रश्नाचा राग येत नाही. पण पांघरूण हा त्यावरचा नेहमीचा उपाय झाला की पुढे काय होईल याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. इंग्लंडची रक्तसेवा आज आरएचचा आरओ हा उपप्रकार मिळावा म्हणून कृष्णवर्णीय दात्यांना जाहीर आवाहनं करते, त्यावर पैसा आणि माणसं खर्च करते. ‘आता कुणाचंही रक्त झाकून देता येतं’ हे कळल्यावर अंदाजपत्रकातली सगळ्यांत आधी कापली जाणारी ओळ तीच असेल. आणि मग ज्यांना जुळणारं रक्त मिळायला हवं होतं त्यांना कायमचं झाकलेलं रक्त मिळेल, इतरांना मात्र जुळणारं.

संमतीचा प्रश्नही इथेच येतो, आणि याबाबतीत रक्ताच्या पर्यायांचा इतिहास काही फार स्वच्छ नाही. पॉलीहीम नावाच्या कृत्रिम रक्ताची अमेरिकेतली चाचणी आठवा. 2003 च्या अखेरीस सुरू झालेल्या त्या चाचणीत सातशेहून अधिक जखमींना सामील केलं गेलं, त्यांच्या वैयक्तिक संमतीशिवाय, कारण बेशुद्ध माणूस संमती देऊ शकत नाही आणि तिथला कायदा अशा आणीबाणीत सवलत देतो. ज्यांना नको असेल त्यांनी मनगटावर एक निळं कडं घालून फिरावं, अशी सोय ठेवली होती. टीका झाली ती मुख्यतः पुढच्या गोष्टीवर: रुग्णवाहिकेत रक्त नसतं हे मान्य, पण रुग्णालयात पोचल्यावर खरं रक्त समोर असतानाही काही तास हाच पर्याय चालू ठेवायची मुभा त्या आराखड्यात होती. औषध अखेर मान्य झालं नाही. 2008 मध्ये अशा हिमोग्लोबिन-आधारित पर्यायांच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा मृत्यू आणि हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढलेला दिसला.

पांघरूण घातलेल्या पेशी या कृत्रिम रक्तापेक्षा फार वेगळ्या आहेत, आणि दोघांना एका मापाने मोजू नये हे मी मानतो. तरी ‘सर्वांसाठी एकच रक्त’ या स्वप्नाची पहिली चाचणी कुणावर होणार? ज्याचा गट तपासायला वेळ नाही त्याच्यावर, म्हणजे पुन्हा बेशुद्ध जखमीवरच. याउलट मी म्हणतो त्या दुसऱ्या वापरातला रुग्ण वर्षानुवर्षं रक्त घेत आलेला, आपल्या अँटिबॉडींची नावं पाठ असलेला, प्रश्न विचारणारा असतो. त्याला समोर बसवून पेगचे धोके सांगता येतात, तो नाही म्हणू शकतो. नव्या तंत्राची पहिली परीक्षा अशाच माणसाबरोबर व्हावी.

अडचण पैशाची आहे. अपघातग्रस्त सगळीकडे आहेत. चार अँटिबॉडी असलेले रुग्ण मूठभर. गुंतवणूकदाराला पहिल्यांची संख्या दिसते, म्हणून तो सर्वदाता रक्ताचं स्वप्न विकत घेतो. दुर्मीळ आजारांच्या औषधांसाठी अमेरिकेने 1983 मध्ये वेगळा कायदा करून कंपन्यांना सवलती दिल्या, कारण बाजार आपणहून तिकडे वळणार नाही हे सरकारला कळलं होतं. रक्ताच्या पांघरुणाला तसाच, बाजाराबाहेरचा, आधार लागेल. ते रक्तसेवांनी स्वतः, सार्वजनिक पैशातून, थोड्या प्रमाणात आणि कुठलीही मोठी घोषणा न करता बनवावं. त्यात नफा नाही. रक्तदानाच्या व्यवस्थेत, जिथे दाता पैसे घेत नाही, तिथे ही काही अनोळखी गोष्ट नव्हे.

आणि पिशवीवर काय लिहायचं? वरवर किरकोळ वाटणारा हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त छळतो. आरएच-पॉझिटिव्ह पेशी नीट झाकली की चाचणीत ती निगेटिव्ह दिसते. लेबलवर खरं लिहिलं तर आणीबाणीत गोंधळ, चाचणीत दिसतं ते लिहिलं तर खोटं. लाल पेशी 120 दिवसांपर्यंत जगते. रुग्ण महिन्याभराने दुसऱ्या गावी, दुसऱ्या रुग्णालयात गेला तर तिथल्या तंत्रज्ञाला नळीत पेशींच्या दोन जाती दिसतील आणि एकीचं कोडं उलगडणार नाही. रक्तपेढीचं सगळं शास्त्र उभं आहे ते पेशी आपली ओळख सांगते यावर. इथे आपण तिला मुद्दाम गप्प करतो आहोत. दोन्ही गोष्टी छापा, मूळ गट आणि पांघरूण, आणि रुग्णाच्या खिशात तशी चिठ्ठी कायम राहू द्या, एवढं तरी झालंच पाहिजे.

मला या कामासाठी पैसे वाटायचे असते तर पहिला हप्ता मी पॉलिमरला दिला नसता. तो दिला असता एका साध्या चाचणीला: हा रुग्ण पेगला आधीच ओळखतो का, हे पिशवी लावण्याआधी क्रॉस-मॅचइतक्याच वेळात आणि प्रत्येक प्रयोगशाळेत सारखंच उत्तर देऊन सांगणारी. एका अभ्यासात चौघांत एक आणि दुसऱ्यात 72 टक्के, असे आकडे जोवर येत आहेत तोवर ती चाचणी झालेली नाही, आणि ती होईपर्यंत पांघरूण कुणाला पुरेल आणि कुणाला नाही हे त्या सत्तर पिशव्या तपासणाऱ्या तंत्रज्ञालाही सांगता येणार नाही.